आडव्या बाटलीची जुबेदाभाभी

जुबेदाभाभीचा माशांचा गाडा परमिट रूमच्या दारासमोर होता. समोर म्हणजे अगदी समोर. आतून बाहेर पडणाऱ्या माणसाने डोळे मिटून दहा पावलं टाकली तरी तो तिच्या तव्यापाशीच पोचला असता, आणि बरेचजण तसेच पोचत. परमिट रूमच्या टेबलांवरही तिचीच चिलापी जायची. उजनीच्या पाण्यातली चिलापी, हळद-तिखट-मीठ लावून, तांदळाच्या पिठात घोळवून लोखंडी तव्यावर तळलेली. तिचा बहुतेक सगळा मासा दारूच्या संगतीनेच खपत होता. हे तिला ठाऊक होतं, गावाला ठाऊक होतं आणि परमिट रूमचे मालक पोपटशेठ यांना तर फारच चांगलं ठाऊक होतं, कारण गाडा उभा होता ती जागा त्यांचीच होती.

याच जुबेदाभाभीने गावातल्या बायांच्या मतदानात आडव्या बाटलीवर शिक्का मारला. मारलेला शिक्का तिने कधी लपवला नाही आणि मागेही घेतला नाही. त्यासाठी तिच्यामागे जे हात धुऊन लागले, त्यांच्याबद्दल मला अजून शांतपणे लिहिता येत नाही. गावाचं नाव लिहीत नाही. पळसदेवच्या अलीकडे-पलीकडे, हायवे आणि धरणाचं पाणी यांच्या मधल्या पट्ट्यात ते आहे, एवढं पुरे.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं की नाही, हे गावातल्या बाया मतदान करून ठरवू शकतात. मतपत्रिकेवर दोन बाटल्या असतात. उभी म्हणजे चालू राहू दे, आडवी म्हणजे बंद कर. पण मतदानाला आलेल्या बायांपैकी निम्म्या पुरत नाहीत. यादीत नाव असलेल्या एकूण बायांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवी केली पाहिजे. म्हणजे जी आजारी पडली, जी माहेरी गेली, जिला नवऱ्याने त्या दिवशी घराबाहेर पडू दिलं नाही, ती प्रत्येक बाई आपोआप उभ्या बाटलीच्या पदरात पडते. पुढारी निवडून येतात तेव्हा यादीतल्या निम्म्या माणसांनी त्यांना मत दिलं पाहिजे, असा नियम कुणी लावत नाही. लावला तर आमच्या भागातल्या किती खुर्च्या रिकाम्या राहतील? बायांना काही बंद करायचं असलं की मात्र सगळा काटेकोरपणा आठवतो.

भाभी बुटकी, रुंद, पन्नाशी ओलांडलेली. पदर कमरेला खोचलेला, मनगटात नवऱ्याचं जुनं घड्याळ. दोन्ही हातांना कोपरापर्यंत माशाचे खवले चिकटलेले असायचे, उन्हात ते चमकायचे. सकाळी डोक्यावर पाटी घेऊन ती घरोघरी कच्चा मासा विकायची आणि दुपारनंतर गाड्यावर तळलेला. त्यामुळे सकाळी तिचं गिऱ्हाईक बाया आणि संध्याकाळी त्याच बायांचे नवरे. तिला पुरुषांची नावं लक्षात ठेवायचा कंटाळा होता की ती मुद्दाम करायची, मला कधी कळलं नाही, पण गाड्यावर आलेल्या प्रत्येकाला ती त्याच्या बायकोच्या नावाने हाक मारायची.

“ए संगीताच्या नवऱ्या, तिखट कमी का जास्त?”

“ए शोभाच्या नवऱ्या, नीट उभा ऱ्हा, तव्यात पडशील.”

माणूस कितीही तर्र असला तरी बायकोचं नाव ऐकलं की क्षणभर गडबडायचा. एकदा एका साखर कारखान्याच्या संचालकाला तिने असंच हाकारलं. बरोबरचे चारजण हसले. संचालक म्हणाला, “भाभी, मला गावात साहेब म्हणतात.” भाभी म्हणाली, “म्हणू द्या की. मासा खाताना समदे कुणाचे तरी नवरेच असत्यात.” त्याने निमूटपणे प्लेट घेतली.

तिचा स्वतःचा नवरा, इस्माईलभाई, बर्फाचा टेम्पो चालवायचा. भिगवणहून बर्फ आणायचा, गावोगावच्या मासेवाल्यांना द्यायचा. अत्यंत अबोल माणूस. दारूचं सोडाच, सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नसे. हे मी आधी विचारून घ्यायला हवं होतं. घेतलं नाही, आणि माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लाजिरवाणं पत्रक लिहून बसले.

माझ्या वडिलांचा इंदापुरात छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका आणि पत्रकं. मी अक्षरं शिकले तीच निषेध, धिक्कार, जाहीर आवाहन या शब्दांवरून. मतदान ठरलं तेव्हा दुकान बंद करायला निघालेल्या आम्हा पोरींत पत्रक लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. भाभी आपल्या बाजूची आहे हे कळल्यावर मला इतका आनंद झाला की मी एका दमात लिहून टाकलं: ‘दारुड्या नवऱ्याच्या जाचाने पिचलेली आपली कष्टकरी भगिनी जुबेदा आज हुंकार देत आहे!’ जिचं पोट दारूच्या दुकानावर चालतं ती बाई ते बंद करायला निघाली, तर तिच्या घरी मारहाण असणारच, दुसरं कारण असूच शकत नाही, असं मला वाटलं होतं. मी स्वतःला फार पुढच्या विचारांची समजत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती आमच्या दारात. मागे इस्माईलभाई. तिच्या हातात पत्रक.

“वाच,” ती म्हणाली.

“भाभी, तुमी वाचलंय की.”

“मी वाचलंय. यांनी न्हाय वाचलं. मोठ्यानं वाच.”

मी वाचायला लागले. ‘पिचलेली’ या शब्दाशी मी थांबले. इस्माईलभाईंनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि हळूच म्हणाले, “मी कवा पिचिवलं हिला? उलटं तीस वरसं मीच...”

“तुमी गप ऱ्हावा,” भाभी म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “पोरी, माझा नवरा पीत न्हाय, म्हणून मला मत न्हाय व्हय? मत द्यायला आधी मार खाऊन यायचं का? दवाखान्याची चिठ्ठी आणू संगट?”

मी म्हणाले, “चुकलं, भाभी. पण मग तुमी कशापायी आडवी करताय? तुमचाच धंदा बसंल.”

ती ओट्यावर बसली. “सकाळी पाटी घेऊन संगीताच्या दारात जाते. ती झाकण उघडून मासा बघती, पोरगं तिच्या पदराला धरून बघतं, आन ती म्हणती, आज नगं भाभी, आज घरात कालची भाजी हाय. संध्याकाळी तिचा नवरा माझ्याकडं दोन पलेटी खातो. पोराचा मासा मीच तळून बापाला देते. एक दिस न्हाय, दोन दिस न्हाय. मला काय मार बसत न्हाय. मला ते बघवंना झालंय, एवढंच.”

मग तिने मला दुसरं पत्रक सांगितलं. मी लिहून घेत होते. “लिही, दुकान बंद झालं म्हंजी दारू बंद हुणार न्हाय. चोरून इकत्याल. लांब जाऊन पित्याल. जुबेदाचा धंदा बसंल, आणिक कुणाकुणाचं काम जाईल. तरीबी बंद करायचं. आसं लिही.”

“भाभी, असं लिहिलं तर कोण मत देईल?”

“ठाऊक आसून जी दील, तिचं मत टिकंल.”

मी मान हलवली. आणि छापताना ते सगळं गाळलं. नव्या पत्रकात लिहिलं, ‘आडवी बाटली करा, घरोघरी सुख नांदेल!’ पत्रक देखणं झालं होतं.

मतदानाच्या दिवशी सकाळी देवळापुढच्या मैदानात बारामतीहून आलेल्या दोन लक्झरी बस उभ्या होत्या. मोरगाव आणि जेजुरीचं देवदर्शन, फक्त महिलांसाठी, मोफत, दुपारचं जेवण धरून. परत यायचं संध्याकाळी. म्हणजे मतपेटी बंद झाल्यावर. कुणी पैसे भरले, हे बसवर लिहिलेलं नव्हतं आणि लिहायची गरजही नव्हती. आडवी करते म्हणून आम्हाला शब्द दिलेल्या निम्म्या बाया नव्या साड्या नेसून बसमध्ये बसल्या होत्या. त्यांना दोष देता येत नाही. वर्षानुवर्षं कुणी कुठे नेलेलं नसतं, आणि गणपतीला नको म्हणणार कोण?

आम्ही पाच-सहा पोरी बसच्या दारात उभ्या राहून घशाच्या शिरा ताणत होतो. आतल्या बाया आमच्याकडे बघत नव्हत्या. तेवढ्यात भाभी आली. तिला बघताच पोपटशेठच्या एका माणसाने गाडीचं दार धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “भाभी, तुमी नगा मधी पडू. आमच्या देवाचं काम हाय.”

‘आमच्या’ हा शब्द त्याने दाबून म्हटला होता.  जी बाई तीस वर्षं गावातल्या प्रत्येक उंबऱ्यावर पाटी टेकते, तिला एका शब्दात गावाबाहेर उभं केलं त्याने. आणि बसमधल्या एकीनेही काही म्हटलं नाही. मीही नाही. माझ्या तोंडात धिक्काराचे एवढे शब्द, पण त्या वेळी एकही बाहेर आला नाही.

भाभीने पाटी खाली ठेवली. “मी कुठं मधी पडतीया? मी बी येते. मोरगावला माझी मावसबहीण हाय, लय दिस झालं गेले न्हाय. फक्त बायांसाठीच हाय न्हवं गाडी? मग मी कोण हाय?”

ती चढली आणि थेट ड्रायव्हरच्या शेजारच्या बैठकीवर बसली. ड्रायव्हर बारामतीचा, त्याला गावाचं काही माहीत नव्हतं.

“बायकोचं नाव काय तुझ्या?”

“वैशाली,” तो गोंधळून म्हणाला.

“वैशालीच्या नवऱ्या, गाडी शाळेवरनं घे. समद्या बाया मत टाकत्याल, मंग जाऊ मोरगावला.”

खालून तो माणूस ओरडायला लागला, उशीर होईल, पूजा चुकेल. तेव्हा मागच्या सीटवरून एक आजी, ऐंशीच्या घरातल्या, खणखणीत आवाजात म्हणाल्या, “मत टाकून गेलेलं बरं. देव काय पळून चाललाय व्हय रं?” कुणीतरी हसलं. हसू मागून पुढे आलं. ड्रायव्हरने गाडी शाळेवर घेतली, दुसरी बस तिच्या मागोमाग आली. शाळा उघडायला वेळ होता, म्हणून दोन्ही गाड्या फाटकाशी थांबून राहिल्या. मग बाया उतरल्या, रांगेत उभ्या राहिल्या, मत देऊन परत जागेवर जाऊन बसल्या. आणि बस खरोखरच मोरगावला गेली. भाभीही गेली. बाया दर्शन घेईपर्यंत ती बाहेर चपला राखत बसली. परत आल्यावर तिने पोपटशेठच्या माणसाला हाक मारून सांगितलं, “जेवण झकास हुतं. शेठला सांग.”

त्या दोन बसमध्ये जितक्या बाया होत्या, त्याहून कमी फरकाने बाटली आडवी झाली.

सहा महिन्यांत भाभीने सांगितलेलं सगळं खरं झालं. परमिट रूमला कुलूप लागलं. एका पोल्ट्रीच्या मागे हातभट्टी मिळायला लागली. काहीजण पलीकडच्या गावच्या बारला मोटारसायकलवरून जायला लागले, त्यातला एक पडला आणि पाय मोडून घरी बसला. भाभीच्या तव्यावर संध्याकाळी चार-पाच मासे तळले जायचे, बाकीचे बर्फात परत. गावात आडवीवाल्या आणि उभीवाल्या अशा दोन जाती पडल्या. हळदी-कुंकवाला वेगळ्या, बचत गटात वेगळ्या.

आणि मग ‘पस्तावा’ हा शब्द आला. कुठून आला माहीत नाही, पण सगळ्यांच्या तोंडी एकदम आला. ‘बाया पस्तावल्यात.’ गावात ज्याला-त्याला बायांना हेच विचारायचं होतं. पंचवीस वर्षं दुकान चालू होतं, तेव्हा ते चालू ठेवणाऱ्यांना एकदाही कुणी विचारलं नाही की बाबांनो, पस्तावलात का? दुकान बंद करून बायांनी सहा महिने काढले, तर प्रत्येक चौकात त्यांची साक्ष.

बारामतीहून मोबाइलवर बातम्या करणारा एक मुलगा माइक घेऊन भाभीच्या गाड्यावर आला. भाभीने आधी त्याला बायकोचं नाव विचारलं. लग्न झालं नाही म्हणाला.

“मंग आईचं नाव सांग.”

“कमल.”

“हां, कमलच्या पोरा, इचार आता.”

“धंदा बसला, आता पस्तावा होतोय का?”

“धंदा बसणार हे मला आधीच ठाऊक हुतं. ज्याला आधी ठाऊक न्हाय, तो पस्तावतो.”

“पण दारू तर गावात मिळतेच. मग उपयोग काय झाला?”

“आधी दिव्याच्या बोर्डाखाली, खुर्चीवर बसून पीत हुते. आता कोंबड्यांच्या घाणीत उकिडवे बसून पित्यात. बसू देत की. मला तेवढंबी पुरं हाय.”

दोन दिवसांनी व्हिडिओ आला. वर मथळा: ‘मतदान करून पस्तावली मासेवाली!’ तिचा रिकामा गाडा, तिचा घाम पुसणारा हात आणि मागे करुण संगीत. तिची वाक्यं तोडून तोडून लावलेली. ‘धंदा बसला’ एवढं होतं, पुढचं नव्हतं. भाभीने तो आमच्या घरी बसून दोनदा बघितला. म्हणाली, “तोंड माझं हाय, बोलणं त्येचं हाय.” मला ओरडावंसं वाटत होतं. ती मात्र एवढंच म्हणाली, “कमलला दावायला पायजे हे.”

आमची बाजूही काही धुतल्या तांदळासारखी नव्हती. सुमन परमिट रूमच्या स्वयंपाकघरात भांडी घासायची. दोन मुली, नवरा नाही. तिने उभी बाटली केली होती आणि कुणी विचारलं तर ती सरळ सांगायची. दुकान बंद झाल्यावर तिचं काम गेलं. बचत गटाच्या बैठकीत आमच्यातल्याच एकीने सुचवलं, सुमनला नव्या पापड-शेवयांच्या कामात घेऊ नका, तिला कळू दे आपण काय केलं ते. दोघी-तिघींनी माना डोलावल्या. सुमन तिथेच, भिंतीला टेकून बसली होती.

भाभी म्हणाली, “तिनं काय केलं? मत दिलं. तिची भाकरी तितं हुती. माझीबी हुती. तिनं एक ठरवलं, मी दुसरं. तुमी तिला पस्तावायला लावणार आन शेठ मला लावणार. मंग तुमच्यात आन शेठमधी फरक काय ऱ्हायला?”

 सुमन ताडकन म्हणाली, “मला तुझी कणव नगं, भाभी. तुझ्यापायी माझं काम गेलं.”

“व्हय,” भाभी म्हणाली, “गेलं.”

माफी मागितली नाही, समजूत घातली नाही. सुमनला काम मिळालं. दोघी त्यानंतर एकमेकींशी बोलेनाशा झाल्या.

मग पोपटशेठनी ग्रामसभेची तयारी केली. दुकान पुन्हा सुरू व्हावं अशी शिफारस करणारा ठराव घ्यायचा होता, आणि त्यासाठी त्यांना आडवी केलेल्या एका बाईच्या तोंडून ‘चूक झाली’ एवढे शब्द हवे होते. दुसरी कुणी उपयोगाची नव्हती. जिचा व्हिडिओ गावाने रडून बघितला, तीच हवी होती. ते भरदुपारी गाड्यावर आले. मी तिथे बाकावर बसले होते.

“भाभी, एक वाक्य बोला. झालं. दुकान चालू झालं की तुमाला शेजारीच पक्का गाळा बांधून देतो. पत्र्याचा न्हाय, स्लॅबचा. नळ आत.”

“आन न्हाय बोलले तर?”

शेठ हसले. “जागा माझी हाय, भाभी. मी कवा काय म्हणलंय का आजवर?”

“शेठ, वाक्य कशाला घेताय इकत? मासा घ्या की, ताजा हाय.”

ते गेले. भाभीने तव्यावरचा मासा उलटला आणि तोंड पुसलं. मला म्हणाली, “स्लॅबचा म्हणतोय.” तिचा आवाज पहिल्यांदाच जरा खाली आलेला मी ऐकला. पावसाळ्यात त्या गाड्याला प्लॅस्टिक बांधून ती आणि इस्माईलभाई दोन बाजूंनी टोकं धरून उभे राहायचे. तिला स्लॅब नको होता असं कुणी समजू नये.

ग्रामसभेला आमच्या भागातले एक मोठे पुढारी आले होते. दोनच वर्षांपूर्वी ते एका पक्षातून निवडून आले होते आणि आता दुसऱ्या पक्षात होते. व्यासपीठावरून म्हणाले, “माझ्या माता-भगिनींनी त्या वेळी भावनेच्या भरात एक निर्णय घेतला. चूक माणसाकडूनच होते. चूक दुरुस्त करण्यात मोठेपणा असतो.” मग पोपटशेठनी भाभीकडे बघून मान हलवली, आणि भाभी उठली. सगळी सभा वळली.

“साहेब, एक इचारते. तुमी मत मागायला आमच्या दारात आलता, तवा कुठल्या चिन्हावर हुता?”

मागून कुणीतरी चिन्ह सांगितलं.

“आन आता?”

दुसऱ्या कुणीतरी दुसरं चिन्ह सांगितलं. पोरं हसली.

“आमी तुमाला दिल्यालं मत तुमी उचलून दुसऱ्याच्या घरात निऊन ठिवलं. आमाला इचारलं न्हाय. आमीबी इचारलं न्हाय, साहेब पस्तावला का म्हणून. हे एक मत आमच्यापाशी ऱ्हायलंय, तर तेबी बदला म्हणता. न्हाय. माझी चूक झाली न्हाय. मी ठरवून केलं.”

ती खाली बसली. साहेब माइकमध्ये हसले. “आमच्या भाभी विनोदी आहेत.” तेवढ्यावर त्यांनी तिचं बोलणं गुंडाळून टाकलं. मग हात वर करायला सांगितलं. पुरुषांच्या बाजूचे हात वर गेले. बायांच्या बाजूला किती वर गेले, किती नाही, हे कुणी मोजलंच नाही. ‘मंजूर, मंजूर’ झालं आणि ठराव झाला. यादीतल्या निम्म्याहून एक जास्त हा नियम त्या दिवशी कुणाच्या खिशात होता? मी उभी राहून ओरडले. माझा आवाज टाळ्यांमध्ये गेला.

ठराव पुढे पुण्याला गेला. तिथे तो कुठल्या टेबलावर आहे, कुणी सांगू शकत नाही. परमिट रूमचं कुलूप अजून तसंच आहे. भाभीचा गाडा मात्र चारच दिवसांत हलवायला लागला.

सामान टेम्पोत भरत असताना मी गेले होते. अंथुर्ण्याला तिच्या भावाचं दुकान आहे, त्याच्या शेजारी ती बसणार होती. मी म्हणाले, “भाभी, माझ्या पत्रकामुळं तुमच्यावर ही पाळी आली.”

ती थांबली, माझ्याकडे बघून मोठ्याने हसली. “तुझ्या पत्रकामुळं मी मत दिलं, आसं वाटतं व्हय तुला?”

त्या दिवसापासून मी एकच गोष्ट शोधत फिरले: कोण पस्तावलं आणि कोण नाही. गावात ज्या बाया खरोखर खट्टू झाल्या होत्या, त्यांच्याशी बोलले. ‘सुख नांदेल म्हणला हुता की तुमी,’ असं त्यांनी मला तोंडावर सांगितलं. त्यांना मी फसवलं होतं, आणि त्यांचा राग रास्त होता. पण भाभी सकाळच्या फेरीत पाटी उतरवून दारोदार आपलं न छापलेलं पत्रक सांगत फिरली होती, हे मला तेव्हा कळलं. धंदा बसंल, चोरून इकत्याल, तरीबी. ज्यांनी ते ऐकलं होतं त्यातली एकही बाई हललेली नाही. मत देतानाच त्यांनी किंमत मोजून ठेवली होती, मग नंतर कोण कशाला घाबरवणार? गावातले शहाणे त्यांना अडाणी म्हणतात, हट्टी म्हणतात. म्हणोत. पत्रकं लिहिणाऱ्या मला त्या अडाण्यांनी जे शिकवलं ते छापखान्यात शिकायला मिळालं नव्हतं.

परवाच्या जिल्हा परिषदेच्या मतदानाला भाभी आली. तिने नाव अंथुर्ण्याच्या यादीत नेलेलं नाही. माझं नाव हितंच ऱ्हाऊ दे, म्हणते. दुपारच्या एसटीने उतरली, हातात रिकामी पाटी, मनगटात तेच घड्याळ. शाळेबाहेर बायांची रांग फाटकापर्यंत आली होती. ती सगळ्यात मागे जाऊन उभी राहिली.

रांगेच्या मध्यावर सुमन होती. तिने वळून पाहिलं.  सुमनने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि एक पाऊल मागे सरकली.

“ए भाभी, हितं ये. चारची गाडी चुकंल तुझी.”

भाभी गेली. “तुझ्या म्होरं?”

“माझ्या म्होरं. पण सांगून ठिवते, त्या बाटलीचं परत मतदान लागलं तर मी उभीच करणार.”

“कर की. मी आडवी करंन.”

“ठाऊक हाय,” सुमन म्हणाली. “सरक म्होरं.”

आणि दोघी एकमेकींच्या मागे, एक-एक पाऊल टाकत, शाळेच्या दाराकडे सरकत राहिल्या.